मागे ड्रमऐवजी डिस्क बसवल्यावर पेडल लांब जातं, चाकं तापतात: दोष कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधायचा

जुन्या गाडीचे मागचे ड्रम काढून डिस्क बसवली की दोन तक्रारी पुन्हा पुन्हा येतात. एक म्हणजे पेडल लांब जातं. ब्रेकच्या लाइनमधली हवा (एअर) कितीही वेळा काढली तरी पहिल्या दाबाला ब्रेक लागत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या पंपाला पेडल वर येतं. दुसरी म्हणजे गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालली की मागची चाकं तापतात, करपल्याचा वास येतो आणि पॅड बघता बघता संपतात. अशा वेळी आधी कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) बदलले जातात, मग मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने लाइनमध्ये ऑइल ढकलणारा पंप), मग पुन्हा एअर काढली जाते. तक्रार मात्र जागच्या जागी राहते, कारण दोष सहसा नव्या सामानात नसतोच. ड्रमच्या हिशोबाने बनवलेले जे भाग गाडीत तसेच राहिले, त्यांत तो असतो: मास्टर सिलिंडरच्या तोंडातला छोटा व्हॉल्व्ह, दाबाची वाटणी करणारा ब्लॉक, हँडब्रेकची केबल. नाहीतर कॅलिपर बसवताना एक सेटिंग राहून गेलेली असते. म्हणून सामान मागवण्याआधी दोष नेमका कुठल्या टप्प्यावर आहे ते ठरवा. त्यासाठी लागणाऱ्या बहुतेक चाचण्या पाना, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) आणि दोन माणसं एवढ्यावर होतात.

ड्रम आणि डिस्क यांत नेमका फरक कुठे पडतो

ड्रममध्ये शू (ड्रमला आतून घासणारे अर्धगोल तुकडे) मागे ओढायला दणकट स्प्रिंगा असतात. पेडल सोडलं की शू ड्रमपासून सुटतात, लाइनमध्ये थोडा दाब उरला तरी त्या स्प्रिंगा त्याला पुरून उरतात. कॅलिपरला अशी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवतीची चौकोनी काटछेदाची रबरी सील दाबाखाली किंचित पीळ खाते आणि दाब गेला की सरळ होताना पिस्टनला मिलिमीटरच्या काही दशांश इतकं मागे घेते. डिस्क सुटायला एवढीच मागे सरक मिळते. ड्रमला खपून जाणारा उरलेला दाब डिस्कला खपत नाही तो यामुळेच.

दुसरा फरक क्षेत्रफळाचा. ड्रममधले शू ढकलणाऱ्या ७/८ इंची व्हील सिलिंडरचं क्षेत्रफळ साधारण ३.९ चौरस सेंटिमीटर, तर ४३ मिलिमीटरच्या कॅलिपर पिस्टनचं १४.५ चौरस सेंटिमीटर. पिस्टन एवढा मोठा, की पॅड आणि डिस्कमधला गॅप जरासा वाढला तरी बरंच जास्त ब्रेक ऑइल ढकलावं लागतं. पेडल लांब जाण्याचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

पेडल लांब जातं

आधी पेडल कसं वागतं ते नीट बघा. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल दाबा म्हणजे बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातला) व्हॅक्यूम संपेल, आणि मग एकदा सावकाश दाबा.

पायाखाली लवचिक लागत असेल, दाबलं की दबतं आणि सोडलं की उसळतं, तर लाइनमध्ये हवा आहे. पहिला दाब खोल जातो, लगेच दुसरा दाबला तर पेडल वर आणि कडक मिळतं, पण मिनिटभर थांबून दाबलं की पुन्हा खोल जातं, तर हवेपेक्षा पॅडच्या गॅपचा संशय जास्त घ्यावा. आणि पेडल आधी कडक मिळालं पण पाय तसाच ठेवल्यावर हळूहळू खाली सरकत गेलं, तर बाहेर कुठे गळती आहे का पाहा. ती नसेल तर मास्टर सिलिंडरच्या आतली सील दाब धरत नाही.

हवा की गॅप हे पक्कं करायची एक सोपी चाचणी आहे, आणि ती एअर काढायला बसण्याआधीच करावी. कॅलिपरमध्येच हँडब्रेकची यंत्रणा असेल तर हँडब्रेक पूर्ण ओढा आणि पेडल दाबा. हँडब्रेकने पिस्टन यांत्रिकपणे पुढे ढकलला जातो आणि पॅडचा गॅप संपतो. आता पेडल एकदम वर आणि कडक लागलं, तर मागची लाइन हवेने भरलेली नाही. तुमच्या कॅलिपरची सुरुवातीची सेटिंग झालेली नाही. बाटल्या-बाटल्या ऑइल खर्च करूनही पेडल न सुधारलेल्या गाड्यांत बहुधा हेच निघतं.

आकड्यांत बघा. दोन्ही बाजूंचा मिळून पॅडचा गॅप ०.३ मिलिमीटर असेल, तर ४३ मिलिमीटरचे दोन कॅलिपर डिस्कला टेकवायला सुमारे ०.९ घन सेंटिमीटर ऑइल लागतं. ७/८ इंची मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला त्यासाठी सव्वादोन मिलिमीटर सरकावं लागतं, आणि पेडलचं गुणोत्तर ६:१ असेल तर पाय साडेतेरा मिलिमीटर खाली जातो. हाच गॅप १ मिलिमीटर झाला की ऑइल लागतं २.९ घन सेंटिमीटर, मास्टरचा पिस्टन सरकतो साडेसात मिलिमीटर आणि पेडल जातं ४५ मिलिमीटर. हे फक्त मागच्या चाकांचं. पुढच्या चाकांचा वाटा वर वेगळा. फीलर गेजच्या एका पातीइतका फरक पायाखाली एवढा मोठा होतो.

हँडब्रेक आत असलेल्या कॅलिपरची सेटिंग अशी करा. दोन्ही कॅलिपरवरून हँडब्रेकची केबल सोडवून ठेवा आणि कॅलिपरवरचा लिव्हर स्वतःच्या स्टॉपला पूर्ण टेकलाय ना ते बोटाने ढकलून बघा. पिस्टन फिरवून आत-बाहेर होणारा असेल, तर कॅलिपर बसवण्याआधी तो थोडा थोडा बाहेर फिरवत आणा, पॅड लावून डिस्कवर बसवून बघा, एकूण गॅप ०.२ ते ०.३ मिलिमीटर होईपर्यंत हे करा. डिस्क हाताने फिरवताना पॅड हलकेच घासल्याचा आवाज यावा, पण हात अडू नये. लिव्हरच्या हालचालीने आपोआप पुढे सरकणारा पिस्टन असेल, तर कॅलिपर डिस्कवर पक्का बसवल्यावरच लिव्हर हाताने पूर्ण फिरवून स्टॉपपर्यंत सोडा, आणि गॅप संपेपर्यंत हे करत राहा. डिस्क मध्ये नसताना लिव्हर हलवत बसू नका, पिस्टन सीलबाहेर येईल. यानंतर पेडल काही वेळा दाबा आणि केबल सगळ्यात शेवटी जोडा. केबलचा ढिलेपणा फक्त इतकाच काढायचा, की हँडब्रेक सोडलेला असताना लिव्हर स्टॉपवरून जराही उचललेला राहणार नाही.

पॅड बदलताना या जातीच्या कॅलिपरचा पिस्टन सी-क्लॅम्पने दाबून आत घालू नका. आत स्क्रू आणि अ‍ॅडजस्टर असतो, दाबाने तो बिघडतो, आणि मग गॅप आपोआप घेणं कायमचं बंद होतं. पिस्टन फिरवायच्या टूलने हलका दाब देत फिरवून आत न्यायचा. डाव्या-उजव्या कॅलिपरची फिरवायची दिशा वेगळी असू शकते, म्हणून जोर लावण्याआधी दोन्हीकडे हलकेच फिरवून बघा. पिस्टनच्या तोंडावर खाचा असतील तर पॅडच्या पाठीवरचा खुंट खाचेत बसला पाहिजे. तो खाचेबाहेर राहिला की पॅड तिरका बसतो, पाचरीसारखा झिजतो, आणि गॅप कितीही सेट केला तरी टिकत नाही.

ज्या डिस्कच्या मधल्या टोपीत हँडब्रेकसाठी वेगळे छोटे शू असतात तिथे ही भानगड नाही. तिथला कॅलिपर साधा असतो, हँडब्रेक दातेरी चाकाने (स्टार व्हील) वेगळा अ‍ॅडजस्ट होतो, आणि एकाचा बिघाड दुसऱ्यात शिरत नाही. किट अजून घेतलं नसेल तर आमचा कल स्वच्छ याच रचनेकडे आहे. फोर्ड एक्सप्लोररच्या १९९५ ते २००१ च्या मॉडेलांचा ८.८ इंची अ‍ॅक्सल जुन्या गाड्यांत इतका लोकप्रिय झाला त्यामागे हेही एक कारण आहे.

आता खरोखर हवा असेल तर. एअर काढायचं निपल कॅलिपरच्या सर्वांत वरच्या टोकाला आहे का ते आधी बघा. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला तर बाकी सगळं व्यवस्थित फिट होतं, फक्त निपल खाली येतं, आणि वरचा हवेचा फुगा काही केल्या बाहेर पडत नाही. काही ब्रॅकेट कॅलिपरला अशा कोनात धरतात की बाजू बरोबर असूनही निपल तिरकं राहतं. तसं असेल तर कॅलिपर ब्रॅकेटवरून सोडवा, पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीची लाकडी किंवा लोखंडी पट्टी धरा, निपल वर येईल असा कॅलिपर धरून एअर काढा आणि परत बसवा. नवा मास्टर सिलिंडर असेल तर तो गाडीवर चढवण्याआधी टेबलावर व्हाइसमध्ये धरून, दोन्ही तोंडांतून नळ्या टाकीत परत घेऊन, बुडबुडे थांबेपर्यंत पंप करून घ्या.

हवा नेमकी कुठल्या भागात आहे हे कळत नसेल तर साध्या रबरी होजवर होज-क्लॅम्प लावून एकेक चाक वेगळं करा. ज्या होजवर क्लॅम्प लावल्यावर पेडल कडक होतं, दोष त्याच्या पुढे. स्टीलची जाळी असलेल्या होजवर क्लॅम्प कधीही लावू नका, आतली नळी चिरते. सगळ्या होज बंद करूनही पेडल लांबच जात असेल तर मास्टर सिलिंडर किंवा त्याच्या पिस्टनला ढकलणाऱ्या दांड्याकडे, म्हणजे पुशरॉडकडे वळा.

एक तक्रार वेगळी ओळखावी लागते: सरळ रस्त्यावर पेडल ठीक, पण वळण घेतल्यावर पहिला दाब खोल जातो, दुसरा बरोबर लागतो. हे अ‍ॅक्सलच्या आडव्या खेळामुळे होतं. अ‍ॅक्सल शाफ्ट डिफरन्शियलच्या आत सी-आकाराच्या क्लिपने अडवलेला असेल तर तो थोडा आत-बाहेर सरकतोच. ड्रमला त्याने फरक पडत नव्हता. डिस्क मात्र सरकताना पॅड आणि पिस्टनला मागे ढकलते, आणि पुढच्या दाबाला तो सगळा गॅप भरून काढावा लागतो. फ्लेंजवर (शाफ्टच्या टोकाची चाक बसायची चकती) डायल गेज लावा, शाफ्ट आत-बाहेर ओढून किती हलतो ते मोजा. टेपर बेअरिंगच्या अ‍ॅक्सलला शिम (पातळ पत्रा) किंवा अ‍ॅडजस्टरने हा खेळ कंपनीच्या मर्यादेत आणता येतो. क्लिपवाल्या अ‍ॅक्सलला दोन्ही बाजूंना पिस्टन असलेला फिक्स कॅलिपर लावणं टाळावं. फ्लोटिंग कॅलिपर लावा आणि त्याच्या पिना हाताने सहज सरकतात ना ते बघा.

एवढं सगळं ठीक असेल तरच मास्टर सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) वाढवायचा विचार करा. ७/८ इंचावरून १ इंचावर गेलात तर पेडलचा प्रवास साधारण पाऊणपट होतो, पण तेवढ्याच ब्रेकसाठी पायाचा जोर सुमारे ३० टक्के जास्त लागतो. बूस्टर नसलेल्या गाडीत हा बदल लगेच जाणवतो. चुकलेल्या सेटिंगवर मोठा बोअर हा उपाय नव्हे: पेडल वर येतं, पण ब्रेक आधीपेक्षा कमजोर लागतो. टाकीचा आकारही बघा. पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर राहतो आणि टाकीतलं ऑइल त्याच्या मागे जाऊन बसतं. दोन्ही पॅड मिळून १६ मिलिमीटर झिजले तर एका ४३ मिलिमीटरच्या कॅलिपरमागे २३ घन सेंटिमीटर ऑइल जातं. ड्रमसाठी दिलेल्या लहान कप्प्यात एवढी शिल्लक नसते.

मागची चाकं तापतात, ब्रेक सुटत नाही

आधी खरंच किती तापतात ते बघा. पेडलला शक्य तितका कमी हात लावत गाडी चालवा, शेवटी गाडी आपोआप थांबू द्या आणि चारही डिस्कवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. मागच्या दोन्ही सारख्याच तापल्या असतील तर दोष दोघांच्या सामाईक रस्त्यावर, म्हणजे मास्टर सिलिंडर, पुशरॉड, व्हॉल्व्ह किंवा हँडब्रेकच्या मुख्य केबलमध्ये शोधा. एकच तापली असेल तर त्या बाजूचा कॅलिपर, पिन, होज किंवा केबलची ती फांदी.

मग गाडी सपाट जागी मजबूत स्टँडवर घ्या, पुढच्या चाकांना अडण लावा, गिअर न्यूट्रल ठेवा. पेडल दोन-तीनदा जोरात दाबून सोडा म्हणजे चाक अडकेल. आता पुढच्या क्रमाने जा आणि ज्या पायरीला चाक मोकळं होईल तिथे थांबा. प्रत्येक पायरी झाल्यावर जोड बंद करून पुन्हा पेडल दाबून घ्यायचं, नाहीतर आधीच्या पायरीत निघून गेलेला दाब पुढच्या पायरीच्या नावावर जमा होतो.

१. हँडब्रेकची केबल जिथे दोन फांद्यांत वाटली जाते तिथे सोडवा. चाक मोकळं झालं तर केबल ताणलेली आहे. ड्रमच्या लिव्हरला आणि कॅलिपरच्या लिव्हरला लागणारी सरक वेगळी असते, त्यामुळे जुनी केबल ओढूनताणून जोडली की लिव्हर स्टॉपवर परत येत नाही. पॅड घासत राहतातच, शिवाय आतला अ‍ॅडजस्टरही काम करत नाही. म्हणजे एकाच चुकीतून तापणंही येतं आणि लांब पेडलही.

२. मास्टर सिलिंडरचे दोन नट ढिले करून तो बूस्टरपासून तीन-चार मिलिमीटर पुढे येऊ द्या. चाक सुटलं तर पुशरॉड लांब आहे. पेडल सोडल्यावर पुशरॉड आणि पिस्टनमध्ये मिलिमीटरभर मोकळी जागा हवी. ती नसेल तर पिस्टन पूर्ण मागे जात नाही, टाकीकडे परत जाणारं बारीक छिद्र झाकलेलं राहतं, आणि गरम होऊन फुगलेल्या ऑइलला परतीची वाट उरत नाही. गाडी थंड असताना ठीक आणि तापल्यावर ब्रेक धरतो, अशी तक्रार असेल तर ही पायरी दोनदा तपासा.

३. मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी मागच्या लाइनचा नट पाव फेरा ढिला करा. खाली कापड धरा, ब्रेक ऑइल रंगावर पडलं तर रंग उचलतं. ऑइल फुसकन बाहेर आलं आणि चाक सुटलं, तर दाब मास्टरमध्येच अडत होता.

४. व्हॉल्व्ह-ब्लॉकच्या पुढचा जोड सोडा. मास्टरशी सोडून फरक पडला नाही पण इथे पडला, तर ब्लॉक दाब धरून ठेवतोय.

५. आधी होजच्या अलीकडचा स्टील लाइनचा जोड सोडा. चाक सुटलं नाही आणि मग कॅलिपरचं निपल सोडल्यावर सुटलं, तर होज आतून सुजलेली किंवा पिळलेली आहे. अशी होज बाहेरून अगदी चांगली दिसते. ती बदलाच.

६. निपल उघडं असतानाही चाक अडलेलंच, तर दोष यांत्रिक आहे: सुकलेल्या स्लाइड पिना, अडकलेला पिस्टन किंवा वाकडा बसलेला ब्रॅकेट. पिनांना ब्रेकसाठीचंच सिलिकॉन किंवा सिंथेटिक ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन आधीपेक्षा घट्ट होते.

तिसऱ्या पायरीला सुटणाऱ्या गाड्या सर्वांत जास्त, म्हणून तिच्याबद्दल थोडं सविस्तर. ड्रमच्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये मागच्या तोंडात, लाइन जिथे बसते त्या पितळी सीटच्या खाली, रबराचा एक छोटा व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग असते. पेडल सोडल्यावरही तो लाइनमध्ये सुमारे १० पीएसआय दाब राखून ठेवतो, म्हणजे व्हील सिलिंडरच्या रबरी कपांचे ओठ भिंतीला चिकटून राहतात आणि हवा आत ओढली जात नाही. ४३ मिलिमीटरच्या कॅलिपर पिस्टनवर हाच १० पीएसआय म्हणजे सतत दहा किलोचा दाब. पाय पेडलवर नसताना प्रत्येक मागचं चाक दहा किलोने धरलेलं असतं, मग ते तापणारच.

पुढच्या काळात व्हील सिलिंडरच्या कपांमागे पसरवणाऱ्या चकत्या आल्या आणि बऱ्याच गाड्यांतून हा व्हॉल्व्ह गेला, म्हणून तो आहेच असं धरून चालू नका. लाइन काढून तोंडातून बारीक तार हलकेच आत घाला. सीटच्या लगेच मागे रबराचा अडथळा लागला तर व्हॉल्व्ह आहे. काढायचा तर मास्टर सिलिंडर गाडीवरून उतरवून, तोंड खाली करून काम करा, म्हणजे पितळेचा कीस आत जाणार नाही. सीटच्या छिद्रात योग्य मापाचा सेल्फ-टॅपिंग स्क्रू दोन-तीन आटे फिरवा, स्क्रूच्या डोक्याखाली पक्कड धरून सीट सरळ वर ओढा. मागोमाग व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग निघतात. जुनी सीट परत वापरू नका, तिचा कोन बिघडलेला असतो. नवी सीट ठेवून लाइनचा नट आवळला की ती आपोआप जागेवर ओढली जाते. या कामाची सवय नसेल तर चारही चाकांना डिस्क असणाऱ्या गाडीसाठीचा मास्टर सिलिंडर घेणं बरं.

आता याची उलट बाजू. मास्टर सिलिंडर गाडीच्या फ्लोअरखाली, कॅलिपरच्या पातळीपेक्षा खाली असेल, तर ऑइल वजनाने मागे ओढलं जातं आणि पिस्टन सरकतात. तिथे २ पीएसआयचा व्हॉल्व्ह लाइनमध्ये लागतो. बोनेटखाली उंचावर असलेल्या मास्टरला त्याची गरज नाही. डिस्कच्या लाइनमध्ये १० पीएसआयचा व्हॉल्व्ह कुठेही नको.

मागची चाकं आधी अडतात, किंवा मागे ब्रेकच लागत नाही

पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या गाडीच्या कॉम्बिनेशन व्हॉल्व्हमध्ये दोन गोष्टी एकत्र असतात. एक भाग पुढच्या डिस्कला क्षणभर थोपवतो, तोवर मागच्या शूच्या स्प्रिंगा ताणल्या जातात. दुसरा भाग ठरावीक दाबानंतर मागच्या दाबाची वाढ कमी करतो. मागेही डिस्क आली की पहिल्या भागाचं काम उरत नाही, आणि दुसऱ्याचा आकडा ड्रमच्या गुणधर्मावर बेतलेला असतो. ड्रममध्ये शू फिरण्याच्या दिशेने स्वतःला आत ओढून घेतो, डिस्कमध्ये तसं होत नाही, म्हणून तोच आकडा डिस्कला लागू पडत नाही.

सुटसुटीत मार्ग असा की जुना व्हॉल्व्ह काढून त्याजागी साधा वाटणी-ब्लॉक लावायचा आणि फक्त मागच्या लाइनमध्ये एक अ‍ॅडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागचा दाब हाताने कमी-जास्त करता येणारा) घालायचा. जुन्या व्हॉल्व्हच्या पुढे नवा जोडलात तर दाब दोनदा कापला जातो, आणि मागची डिस्क चकाकत असली तरी काम जवळपास शून्य करते. पुढच्या-मागच्या पॅडचे दोन्ही संच डिस्कवर घासून पुरते बसल्याशिवाय या व्हॉल्व्हला हात लावू नका.

सेटिंग मागचा दाब सर्वांत कमी ठेवून सुरू करा. रहदारी नसलेली बंद, कोरडी, सरळ जागा हवी, गाडीत फक्त चालक. रिकाम्या गाडीत आणि कोरड्या जमिनीवर जोरात ब्रेक मारला की वजन सर्वांत जास्त पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि त्याच वेळी ती आधी अडायचा धोका असतो. ओल्या जमिनीवर केलेली सेटिंग म्हणूनच फसवते. साधारण ताशी ४० किलोमीटरवरून जोरात ब्रेक मारा, बाहेर उभ्या असलेल्या माणसाला कोणती चाकं आधी अडतात ते बघू द्या. एका वेळी अर्धा फेरा वाढवा. मागची चाकं पुढच्यांच्या बरोबरीने अडू लागली की दोन फेरे मागे या आणि थोड्या जास्त वेगाने पुन्हा बघा. मागची चाकं आधी अडली तर गाडी गरकन फिरते, इथे घाई करू नका.

जोडणीतल्या चुका, ज्या नंतर ब्रेकच्या दोषासारख्या दिसतात

आटे. ३/८ इंच २४ आट्यांचा नट आणि एम १० गुणिले १.० चा नट डोळ्याला सारखेच दिसतात. ३/८ म्हणजे ९.५ मिलिमीटर आणि आट्यांमधलं अंतर १.०६ मिलिमीटर. तो १० मिलिमीटरच्या छिद्रात सैलसर जातो, थोडा आवळतोही, आणि जोरात ब्रेक मारल्यावर आटे मारून बाहेर येऊ शकतो. जुनी गाडी इंची आणि नवा कॅलिपर मेट्रिक असेल तर प्रत्येक जोड आटे मोजायच्या गेजने तपासा. फ्लेअरचंही (लाइनच्या टोकाला पसरवलेलं तोंड) तसंच: ४५ अंशांचा दुहेरी फ्लेअर आणि मेट्रिक बबल फ्लेअर एकमेकांच्या सीटवर बसत नाहीत, कितीही आवळलं तरी पाझरत राहतात. बँजो बोल्टला (होज कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) दोन्ही बाजूंना एकेक तांब्याचा वॉशर लागतो, आणि दर वेळी नवा.

होज. फ्लोटिंग कॅलिपर सरकतो, म्हणून स्टीलची लाइन थेट त्याला जोडू नका. अ‍ॅक्सलवरच्या ब्रॅकेटपासून कॅलिपरपर्यंत प्रत्येक बाजूला होज हवीच. सस्पेन्शन पूर्ण खाली आणि पूर्ण वर नेऊन ती कुठे ताणली किंवा घासली जात नाही ना ते बघा.

ब्रॅकेटची जाडी. ज्या अ‍ॅक्सलमध्ये बेअरिंगची रिटेनर प्लेट ड्रमच्या बॅकिंग प्लेटसकट आवळली जाते, तिथे बॅकिंग प्लेट काढून वेगळ्या जाडीचा ब्रॅकेट घातला की बेअरिंगवरची पकड बदलते. जागा उरली तर शाफ्ट हलतो, सील गळते, गिअर ऑइल पॅडवर येतं. बॅकिंग प्लेट आणि ब्रॅकेट दोन्ही मायक्रोमीटरने मोजा आणि फरक शिमने भरा. जुन्या बॅकिंग प्लेटवरची धूळ कोरडी झाडू नका किंवा हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ती ओली करूनच पुसा.

डिस्कचा लंगडेपणा. फ्लेंजवरचा गंज तारेच्या ब्रशने काढा, डिस्क सगळ्या नटांनी सारखी आवळा, आणि बाहेरच्या कडेपासून साधारण १० मिलिमीटर आत डायल गेज टेकवा. ०.१ मिलिमीटरच्या वर काटा हलला तर डिस्क सोडवून एक स्टड पुढे फिरवून लावा. उंच जागा डिस्कबरोबर सरकली तर डिस्क वाकडी, फ्लेंजच्या त्याच जागी राहिली तर फ्लेंज. कॅलिपर ब्रॅकेट डिस्कच्या दोन्ही बाजूंना सारखं अंतर ठेवतो का, हेही त्याच वेळी मोजून घ्या.

ऑइल ग्लायकोलवर आधारित डॉट ३, डॉट ४ किंवा डॉट ५.१ असावं. सिलिकॉनचं डॉट ५ यांत मिसळायचं नाही. मागची डिस्क आधी तापत होती अशी गाडी दुरुस्त झाल्यावर जुनं ऑइल पूर्ण बदला. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो, आणि उकळलेल्या ऑइलची वाफ पेडलला लांब करते. तापमानाची चाचणी पुन्हा घ्या, चाकं काढून स्लाइड पिना आणि लिव्हरचे स्टॉप एकदा बघा, आणि पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर ब्रॅकेटचे बोल्ट किट बनवणाऱ्याने दिलेल्या टॉर्कवर पुन्हा तपासा.